वायरींची जुडी

“गाडी खोकतेय की ताई, इथून कळत नाही,” काका हळूच म्हणाले आणि बाबांना हसू आलं.

रविवारची सकाळ होती. दोघे भाऊ आत्याच्या पडवीत चहा पीत बसले होते. मी आतल्या खोलीत खिडकीखाली लॅपटॉप घेऊन बसले होते, आणि मी घरात आहे हे बहुधा ते विसरले होते. मला विसरणं लोकांना सोपं जातं. अंगणात आत्या बॉनेट उघडून आत वाकली होती आणि तिची छोटी पांढरी गाडी जागच्या जागी थरथरत होती. एरवी त्या गाडीचा आवाज शिवणयंत्रासारखा एकसारखा येतो. त्या दिवशी ती दोन पावलं नीट टाकत होती आणि तिसऱ्याला लंगडत होती.

“मला ऐकू येतं हां,” आत्या आतूनच म्हणाली. “डोकं बॉनेटमध्ये आहे, कान बाहेर आहेत.”

“ऐकायलाच बोललो,” काका म्हणाले. “बुधवारी पासिंग आहे ना? ही अशी नेलीस तर आधी पीयूसीच मिळणार नाही. धूर बघ किती. ताई, पंचवीस वर्षं झाली या गाडीला. गोखिवऱ्याचा एक माणूस आहे ओळखीचा, मंगळवारी येतो म्हणतोय. जशी आहे तशी उचलेल, भंगारात.”

“आनि मी?”

“तुझं काय? कुठे जायचं असलं की फोन कर. आम्ही आहोत ना दोघं.”

आत्याने इंजिन बंद केलं आणि हात पुसत पायरीशी आली. “मागच्या खेपेला केलेला फोन. तू म्हनालास, रविवारी बघू. डॉक्टरची वेळ मंगळवारची होती.”

काकांनी चहाचा कप उगाच तोंडाला लावला. तो रिकामा होता, हे मला खिडकीतून दिसत होतं.

“मंगळवारपर्यंत वेळ दे,” आत्या म्हणाली. “तोवर नीट चालली नाय, तर न्या. किल्ली मी माझ्या हाताने देईन. मग कुनी काय बोलायचं नाय, मी पन नाय.”

बाबा म्हणाले, “अगं, एवढं काय मनाला लावून घेतेस,” पण ते उठले तेव्हा त्यांनी गाडीकडे पाहिलं नाही. आत्या एकदा बोलली की तसंच करते. 

आत्या बाबांची मोठी बहीण. नोकरी लागल्यावर बाबांनी आचोळ्याला फ्लॅट घेतला, काकांनी धंदा काढला, आणि आत्या खाडीकाठच्या गावात दोन खोल्या आणि मागची वाडी धरून राहिली. तिने लग्न केलं नाही. का, ते मी विचारलेलं नाही; लोक मला जे विचारतात तेही मला आवडत नाही. ऑफिस आठवड्यातून दोनच दिवस बोलावतं, म्हणून उरलेले दिवस मी तिच्याकडे काढते. ती मला ‘बाय’ म्हणते, ताटात दोन बोंबील जास्त वाढते आणि मी गप्प असले तर गप्प राहू देते.

हे शेवटचं सगळ्यांना जमत नाही. मी इंग्लिश मीडियमची. शाळेत मराठीच्या तासाला मी एकदा ‘पानी’ म्हणाले तर अख्खा वर्ग हसला. मग घरी येऊन ‘पाणी’ म्हणाले तर चुलत भावंडं हसली, “मॅडम आल्या बघा.” तेव्हापासून तहान लागली की मी उठून स्वतःच ग्लास भरून घेते. काका अजूनही लग्नाकार्यात भेटले की म्हणतात, “काय गं, तुझ्या तोंडाला कुलूप आहे का? की मराठीत बोललं की पैसे पडतात?” मी हसते. त्यांना वाटतं मला गंमत वाटली.

आत्याच्या गाडीत मात्र मी बोलते. दोघी पुढे बघत बसलेल्या असतात, कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहत नाही, आणि एखादं वाक्य अर्धवट राहिलं तरी रस्ता चालू असतो. दहावीच्या परीक्षेला आत्यानेच मला रोज सोडलं. गणिताचा पेपर वाईट गेला हे मी पहिल्यांदा सांगितलं ते त्या गाडीत. तिने गिअर बदलला आणि म्हणाली, “बरं. उद्या काय आहे?” बस, एवढंच.

गाडी तिने चाळिशी उलटल्यावर घेतली, जुनीच, वसईतल्या एका शिक्षकाकडून. त्याआधी ती भाजीचा टेम्पो भाड्याने सांगायची, आणि टेम्पोवाला यायचा तेव्हा पालक मान टाकून बसलेला असायचा. मग ती ड्रायव्हिंग शिकली. गाव बघायला जमलं होतं म्हणतात. आता आठवड्यातून चार दिवस पहाटे ती मागची सीट पाडते, ओलं गोणपाट घालते, त्यावर पालक, मेथी, अळूची पानं रचते आणि बाजारात जाते. शनिवारी राजोडीला जाते. समुद्रावर येणाऱ्या लोकांसाठी तिथे दोन-तीन घरगुती खानावळी आहेत, त्यांना केळीची पानं लागतात. परतताना गाडीत माशांचा वास भरलेला असतो आणि आत्या खूश असते.

आता जुडीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथेच अडलं.

आत्याची जुडी बाजारात ओळखतात. देठ सगळे एका रेषेत, पानं एका उंचीची, आणि मधोमध केळीच्या सोपटाची गाठ. सोपट म्हणजे केळीच्या खांबाची वाळलेली साल. तिच्या पट्ट्या काढून वाडग्यात पाण्यात भिजत टाकायच्या, मऊ झाल्या की त्याने जुडी बांधायची. सोपट सुकतं तसं आवळतं, आणि भाजी कितीही हिंदकळली तरी जुडी सुटत नाही. रबरबँड आत्याला आवडत नाहीत. “रबराने काय, कुनी पन बांधेल,” ती म्हणते.

आणि तिची जुडी दुसऱ्याने सोडलेली तिला खपत नाही. जुडी सोडून बघणं म्हणजे आत कुजकी पानं लपवली आहेत असं तोंडावर म्हणणं. गावातल्या सगळ्याच बायकांचं हे असं आहे, पण आत्याचं जरा जास्तच. एकदा नालासोपाऱ्याच्या बाजारात एका बाईने मेथीची जुडी घेतली आणि तिथेच गाठ सोडायला लागली. आत्याने तिच्या हातातून जुडी काढून घेतली आणि पैसे परत दिले. “मला बघून घ्या, नायतर घेऊ नका,” म्हणाली. मी तेव्हा आठवीत होते, पाटीमागे उभी. मला इतकी लाज वाटली आणि इतका अभिमानही वाटला की मी तिच्या पदराचं टोक धरलं.

वायरींचं असं झालं. गाडीच्या इंजिनात तीन सिलिंडर आहेत, म्हणून तीन प्लग, आणि प्रत्येक प्लगला करंट नेणारी एकेक जाड वायर. जुन्या वायरींना चिरा पडल्या होत्या. सकाळी दव असलं की गाडी चालू व्हायला कुरकुर करायची. पासिंग जवळ आलं म्हणून आत्याने दुकानातून नवा संच आणला आणि शुक्रवारी दुपारी आम्ही दोघींनी तो बसवला. म्हणजे तिने बसवला, मी वायरी हातात देत होते. तिची पद्धत पक्की आहे. एक जुनी काढायची, तिच्या जागी नवी बसवायची, मगच दुसरीला हात लावायचा. म्हणजे अदलाबदल होत नाही. प्रत्येक वायरीच्या टोकाची रबरी टोपी प्लगवर दाबली की आत टक असा आवाज येतो. तिन्ही टक मी ऐकले.

मग ती मागे सरून बघू लागली. वायरी मोकळ्या पसरल्या होत्या, एक जरा वर, एक खाली लोंबलेली. तिला ते आवडलं नाही. वाडग्यातलं सोपट आणायला तिने मला पाठवलं. तिने तिन्ही वायरी मधे एकत्र घेतल्या, देठ लावतात तशा सारख्या केल्या आणि दोन वेढे देऊन गाठ मारली.

“आता कशी?” ती म्हणाली.

“छान,” मी म्हणाले. दिसत होतीच छान.

गाडी चालू केली तर लोण्यासारखी. आम्ही तळ्यापर्यंत चक्कर मारून आलो. जुन्या वायरी आत्याने लगेच वाडीत नेल्या आणि वाकलेल्या पपईला त्यांनी टेकू बांधला. तिच्याकडे काही वाया जात नाही.

शनिवारी सकाळी राजोडीहून परत येताना गाडी पहिल्यांदा लंगडली. रेस दिली की सुरळीत, पाय काढला की पुन्हा तेच. फाटकापाशी थांबलो तर माझे दात एकमेकांवर वाजत होते.

म्हणून मग रविवारचा तो प्रकार. भाऊ गेल्यावर आत्याने कंबर कसली. पुन्हा सगळ्या टोप्या दाबून बघितल्या. गाडी चालू केली, छान चालली. आत्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. चारएक मिनिटं गेली आणि पुन्हा थरथर. वायरी बरोबर जागी आहेत का, ते तिने बोट ठेवून तीनदा मोजलं. एअर फिल्टर काढून झटकला. पेट्रोलमध्ये पाणी असेल म्हणून शेजारच्या काकूंनी सल्ला दिला, तर थोडं पेट्रोल बाटलीत काढून उन्हात धरून बघितलं. काकू म्हणाल्या, “नजर लागली असेल.” आत्या म्हणाली, “लागली तर माझ्या भावाचीच,” आणि दोघी इतक्या हसल्या की बाटली हिंदकळली.

सोमवारी सकाळी आम्ही लंगडत लंगडत गोखिवऱ्याला गेलो. तिथला मेकॅनिक आत्याच्या वयाचा आहे, गाडीला तो तिच्याआधीपासून ओळखतो. त्याने चालू इंजिनात पक्कड घालून एकेक वायर उपसून बघितली. पहिली काढली तर इंजिन आणखी खाली बसलं, दुसरी काढली तरी तसंच. तिसरी काढली तर काहीच फरक पडला नाही.

“हा तिसरा काम करत नाही ताई. मिसिंग इथेच आहे,” तो म्हणाला. त्याने तिसरी वायर दाबून परत बसवली. टक. गाडी लोण्यासारखी.

“टोपी नीट बसली नव्हती. संपलं काम.” त्याने पैसेही घेतले नाहीत. आम्ही आनंदाने भजी घेतली आणि गाडीतच खाल्ली. हायवे ओलांडेपर्यंत आत्या मला बुधवारी पासिंगला कोणती साडी नेसावी ते विचारत होती. हायवे ओलांडला आणि थरथर सुरू झाली. तिने साडीचं वाक्य मधेच सोडलं.

घरी येऊन तिने तिसरा प्लग बदलला. ठीक चालली, मग पुन्हा तेच. तिने मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, “टोपी बसली, प्लग नवा, वायर नवी, तरी मिसिंग, म्हणजे आतलं काम आहे. हेड उघडावं लागेल. पाच-सहा दिवस तरी.” आत्याने “बरं” म्हणून फोन ठेवला. मंगळवार उद्यावर होता.

“म्हातारं झालं इंजिन,” ती म्हणाली. “माझ्यासारखं.” मग ती वाडीत पाणी घालायला गेली. रोज ती पाणी घालताना झाडांशी बोलते. त्या दुपारी फक्त पाइपचा आवाज येत होता.

मी लॅपटॉप मिटला. माझं कामच मुळात दुसऱ्यांनी बनवलेल्या ॲपमधल्या चुका शोधायचं आहे. तिथे एक सवय लागते. कधी बिघडतं ते बघण्याऐवजी बिघडायच्या आधी काय वेगळं होतं ते बघायचं. आणि इथे तर दरवेळी एकच गोष्ट होत होती. कोणीतरी तिसऱ्या टोपीला हात लावला की गाडी बरी व्हायची, आणि सोडली की पुन्हा आजारी पडायची. प्लग बदलला तेव्हाही टोपी काढून बसवलीच होती.

बॉनेट उघडंच होतं. मी वाकून बघितलं. पहिल्या दोन टोप्या खालपर्यंत टेकलेल्या होत्या. तिसरीच्या खाली प्लगचा पांढरा भाग दिसत होता, तांदळाच्या दाण्याएवढा. मी सोपटाला बोट लावलं. शुक्रवारी ते ओलं आणि मऊ होतं. आता इंजिनाच्या उष्णतेने सुकून तारेसारखं कडक झालं होतं. तिन्ही वायरी एका मुठीत आवळलेल्या होत्या, आणि तिसऱ्या प्लगला जी थोडी ढील हवी होती ती देठ सारखे करताना गाठीच्या आत गेली होती. वायर ताणून धरलेली होती. इंजिन हललं की ती टोपीला हळूहळू वर ओढत असणार.

खात्री करायला हवी होती. मी गाडी चालू केली, तोंडलीच्या मांडवाची एक सुकी बांबूची काठी आणली आणि लांबून तिसऱ्या टोपीवर दाबली. टक. थरथर थांबली, जशी कोणीतरी हात ठेवून थांबवावी. मग मी काठी बाजूला ठेवली आणि मोबाइलवर व्हिडिओ चालू करून टोपीवर धरला. दुसऱ्या मिनिटाला काही नाही. तिसऱ्या मिनिटाला टोपी किंचित वर. चौथ्या मिनिटाला तांदळाचा दाणा दिसला, आणि गाडी लंगडायला लागली.

मी गाडी बंद केली. इतका आनंद झाला की मी वाडीच्या दारापर्यंत जवळजवळ धावत गेले. आत्या पाठमोरी होती. पाइप एका हातात, दुसऱ्या हाताने ती पपईला बांधलेल्या जुन्या वायरीची गाठ चाचपून बघत होती, घट्ट आहे ना म्हणून. ती तशी उभी होती आणि मला बोलता येईना.

कारण मला काय सांगायचं होतं? की बाजारात जिच्यावर कोणी बोट ठेवू शकत नाही ती तुझी जुडीच तुझ्या गाडीला नडतेय. काका एवढे टोमणे मारून गेले, पण त्यातलं एकही तिच्या हातांबद्दल नव्हतं. वय काढलं, गाडी काढली, धूर काढला. हात कोणी काढले नव्हते. आणि ते मी काढणार?

“काय गं बाय?” ती न वळता म्हणाली.

“काही नाही. पाणी झालं का विचारायला आले.”

“होतंय.”

मी परत आले आणि गुपचूप ती गाठ सोडायचा प्रयत्न केला. नख मोडलं. आत्याची सुकलेली गाठ ज्याला सुटली असा माणूस मी बघितलेला नाही. मग सुरी आणली, आणि सोपटावर धरून तशीच उभी राहिले. नालासोपाऱ्याच्या बाजारातली ती बाई आठवली. आत्याच्या तोंडावर सांगता येत नसेल, तर निदान तिच्या पाठीमागे नको, असं काहीतरी वाटलं. सुरी जागेवर ठेवून आले.

जेवताना मी दोनदा “आत्या” म्हणाले. एकदा तिने मीठ पुढे केलं, एकदा ताक.

मंगळवारी सकाळी मी एक भित्रा उपाय केला. काका यायच्या आधी जाऊन काठीने टोपी दाबून ठेवली. म्हटलं, चार मिनिटं तर चालेल. तेवढ्यात बघतील, म्हणतील झाली की नीट, आणि जातील. पुढचं पुढे. लिहितानाही हे मला बावळटपणाचं वाटतंय, पण तेव्हा ती योजना वाटली होती.

आत्या गाडी पुसत होती. आतून तिने सगळं काढलं होतं: गोणपाट, काटा, छत्री, माझ्या शाळेच्या वेळचं एक कंपासपेटीचं झाकण. ते सगळं पडवीत ओळीने मांडून ठेवलं होतं. ती काही बोलत नव्हती. रविवारी तसा शब्दच दिला होता तिने.

काका आणि बाबा आले, सोबत गोखिवऱ्याचा तो भंगारवाला माणूस. पोट सुटलेला, बोलायला गोड. “नमस्कार मावशी. जरा आवाज ऐकवा.”

आत्याने गाडी चालू केली. लोण्यासारखी. काकांनी मान वळवली. बाबा म्हणाले, “अरे, ही तर बरी चाललीये!”

“चालेल आता पाच मिनिटं,” आत्याच म्हणाली. “मग बघा.”

तिला खोटं बोलता येत नाही, हे मी योजनेत धरलं नव्हतं.

मग सगळे उभे राहून वाट बघू लागले. मी पण. एखाद्या आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसं. काका चपलेने माती उकरत होते. तो माणूस बॉनेटमध्ये डोकावला आणि म्हणाला, “वा. वायरिंग कोणी बांधलं हो? इतकं नीट तर शोरूममध्ये पण करत नाहीत.”

“मी,” आत्या म्हणाली. कालपासून ती पहिल्यांदा हसली. “सोपटाने बांधलंय. सुटायचं नाय कधी.”

माझं उरलंसुरलं धैर्य तिथेच गेलं. मी मोबाइल काढला, व्हिडिओ लावला आणि तिच्यासमोर धरला. बोलायला नको म्हणून.

“चष्मा आत आहे गं,” ती म्हणाली. “मग बघते हां.” आणि तिने माझा हात हलकेच बाजूला केला.

तेवढ्यात गाडी लंगडली. बॉनेटचं पान थडथडायला लागलं. मागून काळा धूर आला.

 काकांचा चेहरा बघून मला वाटलं, जिंकायला आलेल्या माणसाला इतकं वाईट वाटू नये. आत्याने इंजिन बंद केलं. किल्ली काढली. किल्लीच्या रिंगमध्ये एक छोटी पितळी अंगठी अडकवलेली आहे, ती तिने काढायचा प्रयत्न केला, निघाली नाही, म्हणून राहू दिली. मग किल्ली तिने गोखिवऱ्याच्या माणसाकडे न देता काकांकडे दिली.

“घे. दिली माझ्या हाताने.”

काकांनी घेतली. त्यांच्या तळहातावर ती किल्ली खूप लहान दिसत होती. आत्या पडवीकडे वळली आणि ओळीतलं गोणपाट उचलून त्याची घडी करायला लागली, कडा सारख्या करत, जसं ती सगळंच करते.

मी आतापर्यंत पाहिलं नव्हतं असं काहीतरी तेव्हा माझ्या लक्षात आलं. घातलेली घडी उलगडून ती तीच पुन्हा घालत होती. तिचे हात वाचवायला मी गप्प होते, आणि आता त्या हातांना करायला घडीच उरली होती.

मी पुढे सरकले आणि तोंड उघडलं. काकांनी माझ्याकडे बघितलं. “काय गं? बोलणार आहेस काय? बोल, मराठीत असलं तरी चालेल.”

बाबांनी त्यांना कोपराने ढोसलं. गोखिवऱ्याचा माणूस मोबाइलमध्ये बघायला लागला. आत्या घडी तशीच धरून उभी होती, आणि ती माझ्याकडे बघत होती, गाडीत बघते तशी नाही, सरळ.  मी काकांपुढे हात केला.

“काका, किल्ली द्या इकडे,” मी म्हणाले. “आत्या, इंजिन म्हातारं नाही झालेलं. तू वायरींची जुडी फार आवळलीयस, सुकली तशी ती तिसऱ्या टोपीला वर ओढतेय, मी काल काठीने दाबून बघितलंय. मला नाही सोडायची ती, तूच ये आणि सोड.”